वसुलीचा दाखला

दिसायला तो रुबाबदार आहे. लांबट कागद, वर मधोमध कामगार न्यायालयाचं नाव, कोपऱ्यात जावक क्रमांक, खाली न्यायाधीशांची सही आणि त्या सहीच्या शेपटावर अर्धवट चढलेला जांभळा गोल शिक्का. 'प्रति, मा. जिल्हाधिकारी, अकोला.' नाहीतर अमरावती. त्याखाली एकच लांबलचक वाक्य. तक्रारीचा क्रमांक, आदेशाची तारीख, कलम, मालकाचं नाव, पत्ता, सगळं त्यात कोंबलेलं, आणि शेवट ठरलेला: सदर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यात यावी. रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरी.

कायद्याच्या पुस्तकात हा वसुली प्रमाणपत्र. वकिलांच्या तोंडी आरआरसी. कोर्टाच्या व्हरांड्यात वसुलीचा दाखला. आणि ज्याच्यासाठी तो निघतो तो गडी त्याला 'माहा कागद' म्हणतो.

वऱ्हाडात याला ओळखणारी माणसं कमी नाहीत. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या दालमिला आणि तेलमिला, मूर्तिजापूर-दर्यापूर-अकोट पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंग, बडनेरा-अचलपूरकडच्या कापडगिरण्या, नांदगाव पेठेतले नवे कारखाने, एसटीचे डेपो, नगरपालिकांचे रोजंदार. यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली याची एखादी झेरॉक्स असते. स्वभाव एका ओळीत सांगायचा तर हुकूम मोठा, पाय नाहीत.

जन्माला येण्याआधी त्याला फार काळ पोटात राहावं लागतं. समजा, एका तेलमिलमध्ये बारा वर्षं घाण्यावर राबलेल्या माणसाला एका सोमवारी गेटवरच सांगितलं, 'उद्यापासून येऊ नको.' पत्र नाही, चौकशी नाही, हिशेब नाही. तुम्ही हे वाचताय तेव्हा जे दाखले कचेऱ्यांमधून फिरताहेत, त्यातल्या बहुतेकांच्या वेळी अशा माणसापुढे दोन दारं होती. पहिलं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं. सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, तो समेट अधिकारी या नात्यानं दोघांना समोरासमोर बसवणार. मालक पहिल्या तारखेला येत नाही, दुसरीला मुनीम पाठवतो, तिसरीला वकील. समेट फसला की अहवाल वर जायचा आणि वाद न्यायालयाकडे सोपवायचा की नाही, हे सरकार ठरवायचं. 2010 च्या दुरुस्तीनं कामावरून काढलेल्या माणसापुरता हा फेरा कमी केला. अर्ज देऊन 45 दिवस उलटले की त्याला थेट कामगार न्यायालयाची पायरी चढता येऊ लागली.

दुसरं दार महाराष्ट्राचं स्वतःचं, 1971 च्या कायद्याचं. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध, असं त्याचं भलंमोठं नाव. अंमल 8 सप्टेंबर 1975 पासून. इथे समेटाची पायरी नाही, सरकारच्या होकाराची वाट नाही. अनुचित प्रथा घडल्यापासून 90 दिवसांत तक्रार टाकायची. वकील म्हणतात, 'यूएलपी टाकली.' कामावरून काढलं असेल तर कामगार न्यायालय. वर्षानुवर्षं बदली किंवा रोजंदार म्हणून ठेवून कायम न करणं, झालेला करार न पाळणं, असल्या तक्रारी औद्योगिक न्यायालयाकडे. तक्रारीचा निकाल शक्य तोवर सहा महिन्यांत लावावा, असं हा कायदा म्हणतो. व्हरांड्यातली बाकं या 'शक्य तोवर'वर बसून बसून गुळगुळीत झाली आहेत.

मालकाच्या लेखी जबाबात पहिला मुद्दा बहुधा एकच असतो: अर्जदार आमचा कामगारच नव्हता. तो ठेकेदाराचा. ठेकेदार कोण, तर दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला कोणी तरी. वर्षात 240 दिवस भरल्याचं सिद्ध करण्याचं ओझं कामगाराच्या डोक्यावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगून टाकलेलं, आणि मस्टर तर मालकाच्या कपाटात. मग गडी घरून एकेक वस्तू आणतो. ईएसआयचं कार्ड. पीएफची जुनी चिठ्ठी. ॲडव्हान्सच्या मळकट पावत्या. दसऱ्याला मशीनपूजेच्या वेळी काढलेला फोटो, ज्यात मालक नारळ फोडतोय आणि हा मागच्या रांगेत कपाळाला टिळा लावून उभा आहे. त्या फोटोवरही उलटतपासणी होते. पूजेचा प्रसाद घ्यायला गावातले लोकही येतात, हे म्हणणं खरं आहे काय? खरं आहे. मग तुम्ही कामगार म्हणूनच उभे होता कशावरून? यावर आमचा माणूस न्यायाधीशांकडे बघतो. प्रश्न त्याला कळलेला असतो, पण असा प्रश्न कोणी विचारू शकतं हे कळलेलं नसतं.

पेशीमागून पेशी पडत जाते. एकदा वकील गैरहजर, एकदा साहेब रजेवर, एकदा कोर्टाची जागाच रिकामी आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या साहेबांकडे जादा कारभार. तरीही एक दिवस निकाल लागतो. तक्रार मंजूर. सेवेत पुन्हा घ्यावे, सेवा अखंड समजावी, मागील पगार पन्नास टक्के द्यावा. महिना 9,000 पगार, सहा वर्षांचे 72 महिने, त्याचे निम्मे: 3,24,000 रुपये.

या आदेशाचे दोन तुकडे आहेत आणि त्यांचं नशीब वेगळं आहे. कामावर घेण्याचा तुकडा दाखल्यात मावत नाही. कलेक्टर पैसे वसूल करू शकतो, नोकरी वसूल करू शकत नाही. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत घेऊन आपला माणूस धुतलेला शर्ट घालून सकाळच्या पाळीला गेटवर जातो. वॉचमन ओळखीचा असतो. तो हळू आवाजात सांगतो, 'आत घ्याची ऑर्डर नाही भाऊ, मले नको अडकवू.' मग बाहेरच्या टपरीवर बसून पत्र लिहायचं: आज रोजी मी कामावर हजर होण्यास आलो असता मला प्रवेश नाकारण्यात आला. ते पत्र डाकेनं पाठवून पावती जपायची, कारण पुढे सिद्ध करायला तीच लागणार. आदेश न पाळणाऱ्या मालकाविरुद्ध 1971 च्या कायद्याचं कलम 48 आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. ती पुन्हा वेगळी फौजदारी तक्रार, तिच्या पेशा वेगळ्या. पाच हजारांचा आकडा कायदा झाला तेव्हा जड वाटला असेल. आज तेवढ्यात तेलमिलच्या ऑफिसातला एसीही दुरुस्त होत नाही.

दुसरा तुकडा पैशाचा. त्यासाठी त्याच कायद्याचं कलम 50, आणि केंद्राच्या कायद्याखालचा निवाडा असेल तर 33-सी. रक्कम देय होते त्या दिवसापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवायचं. आदेशात आकडा नसेल तर आधी हिशेब मांडून घ्यावा लागतो, त्याला वकील 'तेहतीस-सी-दोन' म्हणतात. इतकं झालं की आमचा नायक जन्माला येतो.

या घराण्याशी अकोल्याचा जुना संबंध आहे. स्वातंत्र्याच्या वेळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा औद्योगिक तंटे मिटवण्याचा स्वतःचा वेगळा कायदा होता, तोही 1947 चाच. अकोल्याच्या सावतराम रामप्रसाद मिलनं कामगारांना ले-ऑफ दिला आणि त्याच्या भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिरणीचं म्हणणं, आमच्याकडे प्रांताचा कायदा चालतो, केंद्राच्या कायद्यातली भरपाई इथे मागता येणार नाही. न्यायालयानं 1965 मध्ये ते मानलं नाही. ले-ऑफची भरपाई केंद्राच्या कायद्यानंच ठरेल आणि एकटा कामगारसुद्धा 33-सी खाली ती मोजून मागू शकतो, असा निर्णय झाला. त्याआधी दोन वर्षं, 1963 मध्ये, साताऱ्याच्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी सेंट्रल बँकेच्या खटल्यात या कलमाची चौकट आखून दिली होती. या कलमाखाली बसलेलं कामगार न्यायालय हुकूमनामा बजावणाऱ्या न्यायालयासारखं आहे, निवाड्याचा अर्थ लावायची वेळ आली तर ते लावू शकतं. देशभरचे वकील ज्या निकालांवर युक्तिवाद करतात त्यात एक निकाल अकोल्याच्या गिरणीतल्या कामगारानं मिळवलेला आहे, हे अकोल्यात फार लोकांना ठाऊक नाही. ती गिरणी पुढे सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंदही पडली. कायद्याच्या पुस्तकात तिचं नाव अजून चालू आहे.

दाखल्याला रुबाब मिळाला तो मात्र महसुलाकडून. 33-सी कलम 1956 च्या दुरुस्तीनं आलं, आणि ते करणाऱ्यांनी विचार शहाणपणाचा केला होता. कामगाराला पुन्हा दिवाणी दावा लावायला सांगितलं तर तो मेला. म्हणून त्याच्या पैशाला सरकारनं आपल्या साऱ्याचा दर्जा उसना दिला. सारा थकवणं म्हणजे काय, हे वऱ्हाडात शेतकऱ्याला सांगावं लागत नव्हतं. 1928 चा वऱ्हाडचा स्वतःचा जमीन महसूल कायदा होता, पुढे 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली. मागणीची नोटीस, मग चीजवस्तूची जप्ती आणि लिलाव, मग जमीनजुमल्याची जप्ती आणि विक्री, आणि थकबाकीदाराला अटक करून अडकवून ठेवणंसुद्धा. तेलमिलच्या हमालासाठी, वॉचमनसाठी, झाडूवाल्या बाईसाठी सरकार एवढं सगळं करू शकतं, असं हा कागद म्हणतो. एवढं बोलून तो कलेक्टर कचेरीच्या आवक टेबलावर जाऊन पडतो.

तिथून त्याचा प्रवास सुरू होतो. आवक शिक्का पडतो, तो महसूल शाखेत जातो. तिथे त्याच्यावर एक पत्र चढतं: सोबतच्या प्रमाणपत्रानुसार नियमोचित कार्यवाही करून अहवाल सादर करावा. तहसीलदारांकडे दुसरं पत्र चढतं, मंडळ अधिकाऱ्याकडे तिसरं. प्रत्येक टेबलावर टाचणी लागते आणि मूळ दाखला एक पान खाली सरकतो. तलाठ्याच्या हातात गठ्ठा येतो तेव्हा सर्वात वर मंडळ अधिकाऱ्याची चिठ्ठी असते आणि न्यायाधीशांची सही, जांभळा शिक्का वगैरे सगळ्यात तळाला. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे रमतगमत का होईना, पोचायची. हा कुठे पोचतो हे विचारायलाही पुन्हा अर्ज लागतो.

मालकाची मालमत्ता मुंबईला असली तर आणखी मजा. मग 1890 चा महसूल वसुली कायदा काढायचा. अकोल्याच्या कलेक्टरनं मुंबईच्या कलेक्टरला दाखला पाठवायचा आणि तिथे हीच सगळी टेबलं पुन्हा.

तलाठी अखेर मिलवर जातो. काय बघतो? प्लॉट एमआयडीसीचा, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, मालक महामंडळ. घाणे आणि बॉयलर बँकेकडे तारण. इमारतीवर त्याच बँकेचा बोजा. गोदामात रिकामा बारदाना, एक मोडका वजनकाटा आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. मालक गावाला गेलाय. पंचनामा होतो, दोन पंच सह्या करतात, त्यातला एक बहुधा समोरचा चहावाला. अहवाल: सबब वसूलपात्र मालमत्ता आढळून आली नाही. मालकाची गाडी त्याच दिवशी मिलच्या मागच्या गेटनं बाहेर पडलेली असते, पण ती बायकोच्या नावावर.

इथे तलाठ्याला किंवा तहसीलदाराला शिव्या घालणं सोपं आहे, मला ते पुरतं पटत नाही. त्याच टेबलावर अतिवृष्टीचे पंचनामे आहेत, अनुदानाच्या याद्या आहेत, निवडणुकीचं काम आहे, गौण खनिजाच्या वसुलीचं उद्दिष्ट आहे. उद्दिष्टाचा हिशेब दर महिन्याच्या बैठकीत विचारला जातो. या दाखल्याचा पैसा तिजोरीत जात नाही, तो एका गरीब माणसाच्या घरात जातो, आणि त्याबद्दल कोणाची बैठक लागत नाही. सरकारनं आपल्या साऱ्याचा दर्जा उसना दिला, साऱ्याची निकड दिली नाही.

म्हणून दाखल्याचे पाय व्हावं लागतं त्या माणसालाच. तालुक्याच्या तहसील कचेरीत सोमवारी-मंगळवारी हे दृश्य दिसतं.

'साहेब, माहा कागद कुठी हाय?'

'कोणता कागद?'

'कोर्टाचा. वसुलीचा.'

'जिल्ह्याहून आला असंन तर मंडळात गेला असंन.'

'मंडळात म्हन्ते तहसीलात हाय.'

'मग आवक नंबर आन.'

'नंबर तं कोनी देल्लाच नाही बाप्पा.'

कारकून चष्म्यावरून बघतो. तोही वाईट माणूस नाही. गठ्ठा खाली उतरवतो, दोन-तीन पानं चाळतो आणि 'जेवणानंतर या' म्हणतो. जेवणानंतर साहेब दौऱ्यावर.

दाखल्याची भावंडंही आहेत आणि त्यांची तुलना त्याला नेहमी सोसावी लागते. ग्रॅच्युइटीचा दाखला 2025 पर्यंत 1972 च्या कायद्याखाली निघायचा. तोही कलेक्टरकडेच जायचा, पण त्याच्यासोबत चक्रवाढ व्याज चालायचं, फक्त ते मूळ रकमेच्या वर जायचं नाही. मालकाला उशीर महाग पडायचा. आपल्या नायकासोबत मात्र व्याज तेवढंच, जेवढं कोर्टानं आदेशात लिहिलं असेल. बहुधा लिहिलेलंच नसतं. 3,24,000 दहा वर्षं फिरले तरी 3,24,000 च राहतात. दुसरं भावंड म्हणजे दिवाणी दरखास्त. 2010 च्या दुरुस्तीनं औद्योगिक विवाद कायद्याखालचा निवाडा दिवाणी न्यायालयाकडे पाठवून हुकूमनाम्यासारखा बजावता येऊ लागला. दिवाणीचा बेलिफ जप्तीचा वॉरंट घेऊन निघाला की गंमत होते. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी सरकारी कचेरीतली साहेबाची खुर्ची जप्त केल्याची बातमी वऱ्हाडात अधूनमधून पहिल्या पानावर असते, फोटोसकट. वसुलीच्या दाखल्याचा फोटो मी कोणत्याही पानावर पाहिलेला नाही.

आणि मालक नागपूरला गेला तर? कामगार न्यायालयाच्या आदेशावर औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण, त्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट. स्थगिती आली की दाखला आहे त्या टेबलावर झोपतो. मात्र खरे पैसे कामगाराच्या हाती येण्याची शक्यता इथेच निर्माण होते, हा या साऱ्या कहाणीतला उलटा भाग. स्थगिती मागणाऱ्याला न्यायालय बऱ्याचदा सांगतं, आधी निम्मी रक्कम इथे जमा कर. केंद्राच्या कायद्यातल्या 17-ब कलमानं तर वरच्या न्यायालयात गेलेल्या मालकावर, खटला चालू असेपर्यंत, कामगाराला शेवटचा मिळत होता तेवढा पगार देण्याची जबाबदारी टाकली. अट एवढीच की कामगार दुसरीकडे कुठे पगारावर नसावा. जो मालक दाखल्याला भीत नाही तो स्थगितीसाठी चेक फाडतो.

दाखल्याचे चांगले दिवसही असतात, आणि तो दिवस जवळून पाहण्यासारखा असतो. मिलच्या प्लॉटवर काही सापडलं नाही, पण मालकाची स्वतःच्या नावे गावाकडे चार एकर कोरडवाहू आहे. हे वकिलाला ठाऊक नव्हतं, कामगाराला ठाऊक होतं. तो त्याच शिवारातला. त्यानं सातबारा काढून अर्जाला जोडला, तहसीलदारानं आदेश दिला, तलाठ्यानं 'इतर अधिकार' या रकान्यात एक ओळ चढवली: कामगार न्यायालयाच्या वसुली प्रमाणपत्रानुसार रुपये 3,24,000 चा बोजा. चार-सहा महिने काही घडत नाही. मग मालकाला ती जमीन विकायची असते. खरेदीदार सातबारा मागतो, ती ओळ वाचतो आणि हात आखडता घेतो. त्या संध्याकाळी, ज्या मालकानं सहा वर्षांत फोन उचलला नव्हता, त्याचा मुनीम कामगाराच्या दारात येऊन खाटेवर बसतो, चहा घेतो, लेकराबाळांची विचारपूस करतो. 'दोन लाख घे, आजच्या आज, बोजा उतरव.' पुष्कळ जण घेतात. घेऊ नये असं सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्याच्या घरी मुलीचं लग्न तटलंय त्याला उरलेल्या सव्वा लाखासाठी अजून चार वर्षं थांब म्हणणारा मी कोण? पण एक खरं, त्या दिवशी दाखल्याला पाय फुटलेले असतात, आणि ते एका सातबाऱ्याच्या रकान्यात फुटलेले असतात.

त्याचं मरणही सांगायला हवं. कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली की 2016 च्या संहितेचं कलम 14 सगळी वसुली थांबवतं, दाखलाही त्यातच. पुढे कंपनी अवसायनात गेली तर कामगाराचं देणं तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं मोजलं जातं, पण अवसायन सुरू होण्याआधीच्या 24 महिन्यांपुरतंच. त्याहून जुनं देणं रांगेत खूप मागे उभं राहतं. अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तिथली माणसं आपल्या पगारासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. गिरणी सरकारी, दार सरकारी, वसूल करणारा कलेक्टरही सरकारी. अशा वेळी दाखला कोणाला घाबरवणार?

कधी कामगारच आधी जातो. कायद्यात त्याचीही सोय आहे, वारसांना अर्ज करता येतो. मग वारस दाखला, त्यासाठी पुन्हा कोर्ट, पुन्हा पेशी. नवऱ्याच्या पगारासाठी त्याच बाकावर बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

माझी तक्रार दाखल्याच्या एकाच उणिवेबद्दल आहे. समन्सवर हजर होण्याची तारीख असते. वॉरंट अमुक तारखेच्या आत बजावून परत करायचा असतो, नाहीतर बेलिफाला कारण लिहून द्यावं लागतं. दाखल्याला परतीची तारीख नाही. न्यायालय तो पाठवतं आणि फाइल बंद करतं. कलेक्टर तो खाली पाठवतो आणि जावक नोंद करतो. कोणाही एका माणसाला अमुक दिवशी उभं राहून 'इतके वसूल झाले, इतके नाही, नाहीत ते का' असं सांगावं लागत नाही. तीस दिवसांनी अहवाल, आणि अहवाल न्यायालयापुढेच, एवढी एक ओळ त्या लांबलचक वाक्याच्या शेवटी आली असती तर निम्मे दाखले तहसीलात कुजले नसते, असं माझं मत आहे. ती ओळ घालायला खर्च काही नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि 1947 चा कायदा इतिहासात गेला. न्यायालयाच्या जागी दोन सदस्यांचं न्यायाधिकरण, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय, अशी तिची रचना आहे. एवढं सगळं बदलताना आमच्या नायकाला मात्र कोणी हात लावला नाही. संहितेच्या कलम 59 मध्ये तो तसाच उभा आहे: रकमेचं प्रमाणपत्र कलेक्टरकडे, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. परतीची तारीख तिथेही नाही.

तेव्हा ज्याच्या हाती हा कागद येईल त्याला एवढंच सांगणं. वर्षाची मुदत चुकवू नका. आदेशात व्याज लिहून घ्या, निदान मागा तरी. नुसता मिलचा पत्ता देऊ नका. मालकाच्या किंवा भागीदारांच्या नावे असलेल्या जमिनी, घरं, दुकानगाळे, बँकखाती यांची यादी करून सातबारा आणि मिळकत पत्रिकेसह दाखल्याच्या अर्जाला जोडा, आणि बोजा चढवण्याची लेखी मागणी करा. कलेक्टर कचेरीत आवक क्रमांक घ्या, तहसीलात घ्या, मंडळ कार्यालयात घ्या, आणि तिन्ही क्रमांक एकाच वहीत लिहून ठेवा. अहवाल आला नाही तर त्याच तीन क्रमांकांवर माहितीचा अधिकार टाकता येतो. 2005 च्या त्या कायद्यात उत्तर द्यायला 30 दिवसांची मुदत आहे.